‘मॅग्डाला’ युद्धनौकेच्या नोकरीविषयी

ही वाफेची चिलखती नौका तेहतीस-एक वर्षं मुंबई बंदरात होती आणि एकदाही लढली नाही, मग तिच्यावरचा खर्च वाया गेला का, असा तुमचा प्रश्न आहे. मला तसं अजिबात वाटत नाही.

१८६३ मध्ये इंडियन नेव्ही, म्हणजे ब्रिटिश अमलातलं हिंदुस्थानचं तेव्हाचं आरमार, मोडीत काढली गेली आणि मुंबईसारख्या बंदराला स्वतःची म्हणावी अशी लढाऊ जहाजं उरली नाहीत. ती उणीव भरायला ‘मॅग्डाला’ बांधली. तिचं नाव १८६८ च्या अॅबिसिनियाच्या (आजच्या इथिओपियाच्या) मोहिमेत ब्रिटिशांनी घेतलेल्या मॅग्डाला किल्ल्यावरून पडलं. त्या मोहिमेचा सेनापती नेपियर तेव्हा मुंबईच्या फौजेचा प्रमुख होता. आराखडा एडवर्ड रीडचा, बांधणी लंडनच्या टेम्स आयर्नवर्क्सची, जलावतरण मार्च १८७० मध्ये.

तिचं शरीर पाहिलं की तिचं काम कळतं. पाण्यावर जेमतेम डोकावणारा डेक, बाजूंना सहा ते आठ इंच जाडीचं लोखंडी चिलखत, मधल्या चिलखती तटावर दोन फिरते मनोरे आणि प्रत्येकात तोंडाकडून भरायच्या दहा इंची दोन तोफा. वेग साडेदहा नॉटच्या आसपास. शत्रूला नेम धरायला फारसं काही दिसूच नये, ही त्यामागची युक्ती. पण असा बुटका डेक खुल्या समुद्रात घातकी ठरतो. सप्टेंबर १८७० मध्ये ब्रिटिशांची ‘कॅप्टन’ ही युद्धनौका बुटक्या बाजूंवर उंच डोलकाठ्या आणि शिडं घेऊन वादळात उलटली, साडेचारशेहून जास्त माणसं बुडाली. त्यानंतर काही महिन्यांतच ‘मॅग्डाला’ तात्पुरत्या तीन डोलकाठ्या लावून मुंबईला यायला निघाली आणि सुखरूप पोचली. तिच्या साऱ्या नोकरीतला खरा धोक्याचा काळ मला हाच वाटतो.

पुढे गोळाफेकीच्या सरावापुरतीच ती बंदराबाहेर जाई. सोबतीला तशीच, जरा लहान ‘अॅबिसिनिया’ होती. १८९२ मध्ये जुन्या तोफा काढून मागून भरायच्या आठ इंची तोफा बसवल्या, म्हणजे तिला निरुपयोगी कोणी मानत नव्हतं. बंदराच्या राखणदाराचा हिशेब लढायांवर करणं मला पटत नाही. ती इथे आहे हे ठाऊक असलेल्या शत्रूला आधी तिच्याशी लढायची तयारी करून यावं लागलं असतं, आणि तिला ठेवलं होतं ते त्यासाठीच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोघी भंगारात गेल्या. त्याच आराखड्याची ‘सर्बेरस’ मात्र मेलबर्नजवळ हाफ मून बे इथे १९२६ मध्ये लाटा अडवायला बुडवली. तिचे मनोरे अजून पाण्यावर दिसतात; कोणी ऑस्ट्रेलियात असाल तर जरूर बघून या.