वाचकांचे प्रश्न : मॉड्यूल ३ अँपिअरचं, तरी करंट का पुरत नाही?

प्रश्न : १२ व्होल्ट, १ अँपिअरच्या अ‍ॅडॉप्टरला एलएम२५९६ आयसीचं (चिपचं) स्टेप-डाउन, म्हणजे व्होल्टेज उतरवणारं मॉड्यूल जोडून आउटपुट ५ व्होल्टवर लावलं आहे. मॉड्यूल ३ अँपिअरचं आहे आणि माझी एलईडी पट्टी पूर्ण उजेडात २.५ अँपिअर घेते. तरी उजेड वाढवला की पट्टी लुकलुकते. मॉड्यूल खराब असेल का?

उत्तर : मॉड्यूल बहुधा चांगलं आहे, अ‍ॅडॉप्टर कमी पडतोय. ३ अँपिअर ही आयसीची कमाल मर्यादा झाली. प्रत्यक्षात किती करंट मिळणार, हे मागून किती वॉट येतात त्यावर ठरतं. म्हणून हिशेब नेहमी वॉटमध्ये करावा.

पट्टीला ५ × २.५ म्हणजे १२.५ वॉट हवेत. १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करताना या आयसीची कार्यक्षमता साधारण ८० टक्के असते. म्हणजे इनपुटला सुमारे १५.६ वॉट, १२ व्होल्टवर १.३ अँपिअर लागतील. तुमच्या अ‍ॅडॉप्टरच्या १२ वॉटांतून ५ व्होल्टला जेमतेम १.९ अँपिअर निघतात. आत १ आणि बाहेर १.९ यात काही चूक नाही; व्होल्टेज उतरलं की करंट वाढतो. ७८०५ सारख्या लिनिअर रेग्युलेटरमध्ये मात्र जवळपास जेवढा करंट आत तेवढाच बाहेर, आणि मधले ७ व्होल्ट उष्णतेत जातात.

आता लुकलुकणं. भार वाढला की अ‍ॅडॉप्टरचं व्होल्टेज ढासळतं. मॉड्यूलला वॉट तेवढेच हवे असल्यामुळे ते कमी व्होल्टेजवर आणखी जास्त करंट ओढतो : १० व्होल्टवर जवळपास १.६ अँपिअर. अ‍ॅडॉप्टर स्वतःला वाचवायला बंद होतो, भार सुटताच पुन्हा सुरू होतो, आणि हेच चक्र चालू राहतं. खात्री करायची तर मल्टिमीटर मॉड्यूलच्या इनपुटवर लावून उजेड वाढवा. १२ चा आकडा खाली कोसळला तर दोष अ‍ॅडॉप्टरचा किंवा तिथवरच्या बारीक वायरींचा. इनपुट स्थिर राहून पट्टी काही मिनिटांनी बंद पडत असेल, तर आयसी तापून स्वतःला बंद करते आहे.

उपाय : १२ व्होल्ट, २ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर घ्या. मात्र २.५ अँपिअरला सुमारे ३ वॉट उष्णतेत जातात आणि त्यातला मोठा वाटा आयसीचा असतो. एवढ्याशा बोर्डाला ते जड जातं. सतत चालवायचं असेल तर २ अँपिअरपुढे हीटसिंकशिवाय (आयसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याशिवाय) जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. मॉड्यूल पट्टीजवळच बसवा. ०.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत १ मीटर अंतरावर जाऊन-येऊन २.५ अँपिअरला सुमारे ०.१८ व्होल्ट गळतात. ५ व्होल्टमधून ते जाणवतात, १२ मधून नाही.

प्रश्न : माझं उपकरण फक्त ०.५ अँपिअरचं आहे. ३ अँपिअरच्या मॉड्यूलने ते जळेल का?

उत्तर : नाही. मॉड्यूल व्होल्टेज धरून ठेवतं, करंट उपकरण आपल्या गरजेइतकाच घेतं. जळेल ते व्होल्टेज चुकल्यामुळे. म्हणून आधी आउटपुटला काहीही न जोडता मॉड्यूलवरचा व्होल्टेजचा स्क्रू फिरवून, मीटरवर ५.० पाहून मगच उपकरण लावा.

रेझिस्टर (करंट आवरणारा भाग) नसलेली सुटी पॉवर एलईडी हा यातला अपवाद. तिथे व्होल्टेज थोडं वाढलं तरी करंट भरमसाट वाढतो. अशा वेळी करंट मर्यादेचा वेगळा स्क्रू असलेलं मॉड्यूल घ्या. आधी व्होल्टेज लावा. मग करंटचा स्क्रू अगदी कमीवर आणून, मीटरची वायर १० अँपिअरच्या खाचेत घालून मीटर आउटपुटच्या दोन टोकांत जोडा आणि हवा तो आकडा येईपर्यंत स्क्रू हळू वाढवा. करंटचा स्क्रू नसलेल्या साध्या मॉड्यूलवर असं कधीही करू नका. तिथे हा सरळ शॉर्ट सर्किट ठरतो.