कुलूप बदलू नका, आधी करार शोधा

मुदत संपूनही न जाणाऱ्या भाडेकरूकडून घर कसं सोडवायचं, असं विचारत तुम्ही इथे लिहिलंय ते असं: वडिलांचा पुण्यात कर्वेनगरचा फ्लॅट, २२ हजार भाडं, ७५ हजार डिपॉझिट, ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरती जागा वापरू देण्याचा करार) मे अखेर संपला. भाडेकरू "मुलांच्या शाळेचं बघून सांगतो" म्हणत बसलाय, आणि तुमचे मेहुणे म्हणतात, भाडेकरू गावाला गेला की कुलूप बदलून मोकळं व्हा.

मेहुण्यांना चहा पाजा आणि घरी पाठवा. मुदत संपली म्हणून आत राहणाऱ्याला मालकाने स्वतः बाहेर काढायचं नसतं. ज्याचा ताबा आहे त्याला, त्याचा हक्क संपला असला तरी, कायद्याच्या मार्गानेच काढावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच एका लायसन्सच्या प्रकरणात सांगून ठेवलंय. कुलूप बदललंत तर तो विशिष्ट अनुतोष कायद्याच्या (स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट) कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात घर कोणाच्या नावावर आहे हे कोर्ट बघतच नाही.

वीज-पाण्याचंही तेच. हा शहाणपणा मी स्वतः एकदा केलाय. एका जुन्या भाडेकरूने भाडं थकवलं म्हणून गच्चीवरच्या टाकीचा कॉक फिरवून आलो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या वकिलांची नोटीस, भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ (मालकाने पाणी-वीज तोडायची नाही), आणि चौकीत जाऊन मीच खुलासा देतोय! थकलेल्या भाड्याचा विषय बाजूला राहिला आणि पुढचे सहा महिने मी पाण्याबद्दलच बोलत होतो.

आता तुमचा करार काढा. तो नोंदवलेला आहे का? अंगठे आणि फोटो असलेला, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातल्या नोंदीचा उतारा) जोडलेला? की एजंटाने पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून दिलाय? सगळं इथेच ठरतं. "११ महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही" ही समजूत पुण्यात अजून फिरते आणि ती चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ (लागू ३१ मार्च २०००) याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत कितीही असो. नोंदवायची जबाबदारीही मालकाची. नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध करणं तुमच्याकडे. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुमच्या आकड्यांवर स्टॅम्प ड्युटी सहा-सातशे रुपये आणि नोंदणी फी हजार. एवढ्यासाठी लोक तीस-चाळीस लाखांचं घर अडकवून घेतात.

नोंदवलेला असेल तर तुम्ही सुखी आहात असं समजा. कलम २४ तुमच्यासाठीच आहे. मुदत संपल्यावर लायसन्सवाल्याने जागा सोडायची, नाही सोडली तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी सरकारने नेमलेला अधिकारी) अर्ज करायचा. हे दिवाणी कोर्टापेक्षा वेगळं आहे. करारात लिहिलेली गोष्ट तिथे निर्णायक पुरावा मानतात, त्यामुळे "आमचं तोंडी ठरलं होतं, तीन वर्षं राहा म्हणाले" हे चालत नाही. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याला शपथपत्र देऊन लढण्याची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही किंवा मिळाली नाही, तर तुमचं म्हणणं त्याने मान्य केलं असं धरून आदेश होतो. आदेशावर अपील नाही, ९० दिवसांत पुनरीक्षण (रिव्हिजन) अर्ज तेवढा करता येतो. माझ्या धाकट्या बहिणीच्या फ्लॅटचा आदेश सात महिन्यांत हातात आला. आपल्याकडच्या हिशोबाने हे फार लवकर.

आणखी एक, जे भाडेकरूला समोर बसवून शांतपणे सांगायचं: मुदतीनंतर राहिल्याबद्दल भरपाई लायसन्स फीच्या दुप्पट. म्हणजे महिन्याला ४४ हजार. तीन महिन्यांचे १ लाख ३२ हजार, डिपॉझिट ७५ हजार. कागदावर ही वजाबाकी करून दाखवली की शाळेचा प्रश्न बऱ्याचदा आठवड्यात सुटतो. आवाज चढवायची गरज पडत नाही.

त्याआधी नोटीस पाठवा. करारात नोटिशीचा पत्ता असतो त्यावर, स्पीड पोस्टाने पोचपावतीसह, शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो. लिफाफा "घेण्यास नकार" शेरा मारून परत आला तर उघडू नका, तसाच बंद ठेवा, तो पुरावा आहे. नोटीस आणि अर्ज वडिलांच्या नावाने. लायसन्स देणारे ते आहेत, तुम्ही नाही. ते येऊ शकत नसतील तर मुखत्यारपत्र करून घ्या.

जून-जुलैचं भाडं तुमच्या खात्यात आलंय असं तुम्ही शेवटी सहज लिहिलंय. ती गोष्ट सहज घेऊ नका. आजच त्याला लिहून कळवा की ही रक्कम मुदतीनंतरच्या वापराच्या भरपाईपोटी धरली आहे, करार वाढवलेला नाही. आणि "ठीक आहे, दिवाळीपर्यंत राहा" असा मेसेज चुकूनही टाकू नका. मुदत द्यायचीच असेल तर नवा करार नोंदवून द्या.

इथे काहींनी "पंधरा वर्षं केस चालते" असं लिहून तुम्हाला घाबरवलंय. ते खोटं नाही, पण ते वाड्यांबद्दल आहे. आमचा शनिवार पेठेतला वाडा, महिना ३५ रुपये भाड्याचं बिऱ्हाड, दावा वडिलांनी लावला आणि तडजोड मी केली. ते भाडेकरू कायद्याने संरक्षित. भाडं देत असेल किंवा द्यायला तयार असेल तोवर त्यांना काढता येत नाही (कलम १५). थकलं तर आधी लेखी मागणी, मग ९० दिवस थांबायचं, आणि दावा लावल्यावरही समन्सपासून ९० दिवसांत १५ टक्के व्याजासह भरलं की त्या कारणावर घर सोडायचा हुकूमनामा नाही. आमच्या त्या भाडेकरूंकडून दर महिन्याला मनीऑर्डर यायची, वडील रागाने परत करायचे, आणि त्या परत केलेल्या मनीऑर्डरच्या पावत्याच शेवटी आमच्याविरुद्ध पुढे आल्या. बाकी कारणं कलम १६ मध्ये: परवानगीशिवाय पक्कं बांधकाम, पोटभाडेकरू, शेजाऱ्यांना उपद्रव, सहा महिने सलग वापर नाही, मालकाची खरी गरज. त्या गरजेतही जास्त हाल कोणाचे होतील हे कोर्ट तोलतं. आणि गरज सांगून ताबा घेतला, मग महिन्याभरात राहायला गेला नाहीत किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला दिली, तर जुना भाडेकरू जागा परत मागू शकतो. हे सगळं शिवाजीनगरला लघुवाद न्यायालयात (स्मॉल कॉजेस कोर्ट). तुमचा करार नोंदवलेला नसेल तर भीती हीच की समोरचा वकील तुम्हाला ओढत या रांगेत आणून उभा करेल. तसं असेल तर इथे लिहीत बसू नका, कागद घेऊन वकिलाकडे जा.

करारात लॉक-इन (ठरावीक काळ करार मोडायचा नाही अशी अट) आणि महिन्याच्या नोटिशीचं कलम असतं, त्याच्या जोरावर मुदतीच्या आधी रद्द करता येतं का, असं अजून एकाने विचारलंय. करारात तसं स्पष्ट असेल तर करा, पण कलम २४ चे शब्द मुदत संपण्याबद्दल आहेत, त्यामुळे समोरच्याला वाद घालायला जागा मिळते. दोन-तीनच महिने उरले असतील तर मी थांबेन.

तो जायला तयार झाला की त्या दिवशी स्वतः जा. खोल्यांचे फोटो, विजेच्या मीटरचं रीडिंग, सोसायटीची थकबाकी, डिपॉझिटमधून काय वजा झालं, हे एका कागदावर. खाली "फ्लॅटचा रिकामा ताबा आणि तीन चाव्या आज दिल्या" असं त्याच्या अक्षरात, सही, तारीख. डिपॉझिटचा उरलेला पैसा त्यानंतर, आणि तोही ट्रान्सफरने. आमच्या बहिणीने आधी पैसे दिले होते. गॅलरीच्या दाराची चावी अजून आली नाही.