तुर्कीत ‘कुठे आहे’ सांगताना मराठीतलं ‘आहे’ दगा देतं

‘-त’, ‘-वर’ अशा अर्थानं तुर्की शब्दाला जोडायच्या दे, दा, ते, ता या प्रत्ययांतला कुठला लावायचा आणि ‘वार’ (आहे) कधी म्हणायचं, हे तुमचे दोन प्रश्न. पहिला सोपा आहे. शब्दातला शेवटचा स्वर बघा. आ, ओ, उ किंवा बिनटिंबाचा इ (ı) असेल तर ‘दा’. ए, टिंबाचा इ (i) किंवा टिंबवाले ओ-उ (ö, ü) असतील तर ‘दे’. म्हणून आंकारादा, पण इझ्मिरदे. शब्द फ, स, त, क, च, श, ह, प यांपैकी कशानं संपला तर द चा त होतो: पार्कता (बागेत), सिवासता (सिवास शहरात). ही व्यंजनं ‘फिस्तिकची शाहाप’ (पिस्तेवाला शाहाप) एवढ्यात मावतात. तुर्की मुलंही असंच पाठ करतात.

आत की वर, हा भेद हा प्रत्यय करत नाही. ‘एव्दे’ म्हणजे घरात, ‘मासादा’ म्हणजे टेबलावर (हो, मासा म्हणजे टेबल. हसून घ्या).

खरी गोची ‘वार’ची. आपण ‘पुस्तक टेबलावर आहे’ आणि ‘टेबलावर पुस्तक आहे’ दोन्हीकडे ‘आहे’ म्हणून मोकळे होतो. तुर्कीत पहिलं ‘किताप मासादा’, ‘आहे’साठी काहीच नाही. दुसरं ‘मासादा किताप वार’. नकारातही तसंच: ‘किताप मासादा देयिल’, पण ‘मासादा किताप योक’ (योक म्हणजे ‘वार’चा नकार). वाक्य ‘नेरेदे?’ (कुठे?) चं उत्तर असेल तर वार-योक नको, ‘ने वार?’ (काय आहे?) चं असेल तर हवंच.

खाली, पुढे, शेजारी यांत मात्र मराठी कामाला येते. टेबलाच्या खाली म्हणजे ‘मासानिन आल्तिन्दा’. ‘निन’ हा आपला ‘च्या’, ‘आल्ति’ म्हणजे त्याची खालची बाजू. इंग्रजीतून शिकणारे इथे उलटे चालतात, आपला क्रम आधीच बरोबर असतो. फक्त ‘त्याचा-त्याची’ दाखवणाऱ्या प्रत्ययानंतर मध्ये न येतो, तो विसरू नका. इस्तंबूलमधल्या भागांची नावं घ्या: कादिक्योयला ‘कादिक्योयदे’, पण एमिनोन्यूला ‘एमिनोन्युन्दे’, ते याच न मुळे: ‘ओन्यू’ म्हणजे ‘त्याची पुढची बाजू’. बेयोलूचंही ‘बेयोलुन्दा’ होतं.

लिहिताना आणखी एक बघा. ‘बेन्दे’ जोडून लिहिलं तर माझ्याजवळ, ‘बेन दे’ तोडून लिहिलं तर मीसुद्धा. यात तुर्की लोक स्वतःही सारखे चुकतात आणि त्यावरून एकमेकांना झापतात.