बाबांच्या खात्यातून बँकेनंच पैसे कापले, आता काय करायचं?

प्रश्न : भाऊ, आमी दारव्हा तालुक्यातले. माह्या बाबाचं वय 62, तालुक्याच्या एका बँकेत खातं हाय अन पीककर्ज बी तिथलंच. कापूस इकला तं 41,000 जमा झाले, आठ दिवसानं पासबुक छापून आणलं तं त्यातले 15,000 गायब, समोर लिवलं हाय इन्शुरन्स प्रीमियम. त्याच्या आंधी मे महिन्यात 436 अन 20 असे बी कापलेले दिसले. बाबानं कुठंच काही मागतलं नाई. बँकेत गेलो तं साहेब म्हंते वरून सिस्टिममधून कटते, आमच्या हातात नाई, अन तुमच्या बाबानं सही केली असन. बाबा म्हंते कर्ज नवं-जुनं कराच्या वेळेस साहेबानं बोट ठेवलं तिथं सह्या केल्या. पेरणीसाठी ठेवलेले पयसे होते. परत येतात का?

उत्तर : येतात भाऊ, पण काउंटरवर तोंडी भांडून येत नाहीत. मी स्वतः बरीच वर्षं त्या काउंटरच्या आतल्या बाजूला बसलोय, तिथं रोज चार माणसं ओरडून जातात आणि संध्याकाळी त्यातलं काहीच कागदावर उरत नाही, म्हणून आधी हे मनात पक्कं करा की तुम्हाला बँकेकडून फक्त एक कागद मागायचाय, बाबांनी हे पैसे कापायला होकार दिला तो सहीचा फॉर्म. खातं बाबांचं, पैसे बाबांचे, तर होकार दाखवायचं काम बँकेचं आहे. बाबांनी नकार दिला होता हे तुम्ही सिद्ध करत बसायची गरज नाही.

आणि ते सिस्टिमचं ऐकून परत फिरू नका. सिस्टिम स्वतःहून नव्या माणसाला विमा लावत नाही, कुणीतरी आधी त्या खात्यावर नोंद केलेली असते, मग दरवर्षी आपोआप कटत जातं. मार्च आणि मे मध्ये शाखांना विम्याचं टार्गेट असतं, कर्जाच्या फाइलमध्ये दहा-वीस सह्या होतात, त्यातच दोन फॉर्म विम्याचे सरकवले जातात. शेतकरी बिचारा कर्ज अडू नये म्हणून बोट दाखवलं तिथं सही करतो. मला याचा फार राग येतो, कारण समोरच्या माणसाचा पूर्ण विश्वास असतो आणि तो त्याच क्षणी वापरला जातो.

आता तीन रकमा वेगवेगळ्या बघू. 436 म्हणजे प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा, 20 म्हणजे सुरक्षा विमा. दोन्ही 2015 पासून चालू आहेत, वर्ष 1 जून ते 31 मे असं धरतात म्हणून कपात मे च्या शेवटी होते. जीवन ज्योतीत नाव घालायचं वय 18 ते 50 आणि संरक्षण जास्तीत जास्त 55 पर्यंत. बाबा आज 62 चे आहेत म्हणजे योजना सुरू झाली तेव्हाच ते 50 च्या पुढं गेलेले, त्यांना हा विमा कधीच लागू नव्हता! उद्या काही झालं असतं तर क्लेम वयावरून नाकारला गेला असता आणि हप्ता मात्र घेत राहिले असते. एकदा बँकेत बाबांची जन्मतारीख काय लिहिलीय ते बघून घ्या, कधीकधी तिथंच चूक असते. जुनी पासबुकं पण काढा, 1 जून 2022 च्या आधी हे हप्ते 330 आणि 12 होते, तसे आकडे दिसले तर ते पण मागायचे.

20 रुपयांच्या विम्याचं मात्र थांबा. तो 70 वर्षांपर्यंत चालतो आणि अपघाती मृत्यूला 2 लाख देतो. वावरात साप चावला, झाडावरून पडलं तरी त्यात बसतं, फक्त लगेच दवाखान्यात नेल्याचा कागद पाहिजे. विचारायला पाहिजे होतं हे खरं, पण बाबा राजी असतील तर हा चालू ठेवा असं माझं मत आहे.

राहिले 15,000, मुख्य दुखणं तेच. ही बहुतेक खाजगी कंपनीची जीवन विमा पॉलिसी असेल, बँक तिची एजंट असते आणि तिला कमिशन मिळतं. कर्ज पाहिजे तर विमा घ्या अशी अट बँकेला घालता येत नाही. पॉलिसीचा कागद घरी आलाय का? आला असेल तर मिळाल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते, याला फ्री लुक म्हणतात, थोडी किरकोळ वजावट होऊन बाकी रक्कम मिळते. कागद आलाच नसेल तर मुदत सुरूच झालेली नाही, पण कंपनी म्हणेल आम्ही मोबाइलवर पाठवला, म्हणून बाबांच्या खात्याला कुणाचा नंबर जोडलाय तेही विचारा, बऱ्याचदा तो एजंटाचाच निघतो.

अर्ज साध्या मराठीत लिहा, वकील नको. असा : “माझ्या खाते क्रमांक अमुकमधून अमुक तारखेला 15,000 रुपये व अमुक तारखेला 436 रुपये माझ्या संमतीशिवाय कापले गेले. या कपातीसाठी मी सही केलेलं संमतीपत्र व विम्याचा प्रस्ताव अर्ज यांची प्रत द्यावी. ते नसल्यास रक्कम कापल्याच्या तारखेपासून व्याजासह जमा करावी. यापुढची कपात आजपासून बंद करावी.” शेवटचं वाक्य विसरू नका, नाहीतर पुढच्या वर्षी कापसाचा पैसा आला की पुन्हा 15,000 जातील. दोन प्रती काढा, एकीवर शिक्का, सही, तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर वाद घालू नका, पोस्टात जाऊन स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती पासबुकात ठेवा.

फॉर्म दाखवला तर निवांत बघा. सही बाबांची आणि बाकी सगळं दुसऱ्याच अक्षरात, दुसऱ्या शाईत असेल, उत्पन्न भलतंच लिहिलेलं असेल, तर फोटो काढा, तोच तुमचा पुरावा.

30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा गोलमाल उत्तर आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करायची. फुकट आहे, त्यांच्या सीएमएस नावाच्या तक्रारीच्या वेबसाइटवर होते, 14448 वर माहिती मिळते, आणि नेट जमत नसेल तर चंदीगडला सेक्टर 17 मधल्या रिझर्व्ह बँकेच्या केंद्राकडं पोस्टानं पाठवता येते. शाखेत आधी लेखी तक्रार न करता थेट तिकडं गेलात तर परत पाठवतात, म्हणून तो शिक्का जपा. विमा कंपनीची तक्रार विमा नियामकाच्या 155255 या नंबरवर वेगळी करा. यानंही नाही झालं तर यवतमाळला जिल्हा ग्राहक आयोग आहे, 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही, मुदत दोन वर्षं.

एक शंका आधी मिटवून घ्या. पासबुकात समोर विम्याऐवजी एईपीएस असं लिहिलेलं असतं तर हा प्रकारच वेगळा, म्हणजे कुणीतरी अंगठ्यावर पैसे काढले. तेव्हा अर्ज-बिर्ज नंतर, आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन आणि त्याच दिवशी बँकेला लेखी, कारण अशा चोरीत तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणं फार महत्त्वाचं असतं.

प्रश्न : मी मंगरुळपीर तालुक्यातली. वावर माह्या नावावर हाय म्हणून अतिवृष्टीचे पयसे माह्या खात्यात आले, पण बँकेनं होल्ड लावला. म्हंते तुमच्या घरच्यायचं पीककर्ज थकलं हाय. कर्ज त्यायच्या नावावर, माही सही कुठंच नाई. सोयाबीन गेलं, आता हेबी गेलं का?

उत्तर : नाही ताई, गेलं नाही. बँकेला थकलेलं कर्ज त्याच माणसाच्या दुसऱ्या खात्यातून वळतं करायचा हक्क काही वेळा असतो, पण कर्ज एकाचं आणि खातं दुसऱ्याचं असं चालत नाही. नवऱ्याचं कर्ज म्हणून बायकोचं खातं अडवता येत नाही, तुम्ही जामीनदार किंवा सहकर्जदार म्हणून सही केली असेल तरच गोष्ट वेगळी. ते आठवून बघा आणि बँकेला पण विचारा, माझी सही कुठं आहे ते दाखवा म्हणून.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. अतिवृष्टीच्या मदतीचे जे शासन निर्णय निघतात त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की ही रक्कम कोणत्याही बँकेनं कर्जखात्यात किंवा दुसऱ्या थकबाकीत वळती करू नये. तलाठ्याकडून तुमच्या मदतीचा शासन निर्णय आणि यादीतलं तुमचं नाव याची प्रत घ्या, अर्जाला जोडा, एक प्रत शाखेत, एक तहसीलदाराला आणि एक वाशिमला अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाला द्या. तिसरी प्रत कुणी देत नाही, पण जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत बँकांना विचारणारा माणूस तोच आहे.

होल्ड कोणत्या तारखेला, कुणाच्या आदेशानं लावला हे लेखी मागा. आणि शेजारच्या चार-पाच बायांचे पैसे असेच अडले असतील तर सगळ्या मिळून एकाच दिवशी जा, प्रत्येकीचा अर्ज मात्र वेगळा ठेवा.