'देसी' लिहायचं की 'देशी'?

प्रश्न असा आलाय की परदेशातल्या भारतीयांच्या प्रेमकथांवर मराठीत लिहिताना 'देसी मुलगी' म्हणायचं की 'देशी मुलगी', आणि 'देसी' हिंदी म्हणून टाळावं का.

माझ्या मते टाळू नका, कारण हे आता दोन वेगळे शब्द झालेत. मूळ एकच, संस्कृत 'देश', प्राकृतात 'श'चा 'स' झाला आणि हिंदी-पंजाबीनं तोच ठेवला, आपण 'देशी' म्हणत राहिलो. पण आपलं 'देशी' म्हणजे गाय, बियाणं, कोंबडी, फार तर साहित्यातला भालचंद्र नेमाड्यांचा देशीवाद, आणि नुसतं 'देशी' म्हटलं की बाटलीच आठवते :) 'अमेरिकन देशी' हे सिनेमाचं नाव वाटेल का सांगा!

'अमेरिकन देसी' नावाचा सिनेमा मात्र खरंच आहे, 2001चा. त्यातला कृष्णगोपाळ रेड्डी स्वतःला क्रिस म्हणवतो, आपल्या लोकांपासून चार हात लांब राहायचं म्हणून कॉलेजला जातो तर रूममेट सगळे भारतीय वंशाचेच निघतात, आणि जिच्यावर जीव जडतो ती नीनाही तशीच, वर तिला आपल्या संस्कृतीची आवड, मग पठ्ठ्या तिच्यासाठी देसीपणा शिकायला लागतो. म्हणजे इथे 'देसी' जन्मानं मिळतं तसं शिकावंही लागतं, हा अर्थ आपल्या 'देशी'त बसतच नाही, गाय कुठे देशीपणा शिकते.

दुसरं म्हणजे ह्या 'देसी'तला देश नक्की कुठला? पाकिस्तानी, बांगलादेशी पण स्वतःला देसीच म्हणवतात, त्यामुळे 'भारतीय' हा त्याला पर्याय होत नाही. मीरा नायरच्या 'मिसिसिपी मसाला' ह्या सिनेमात (1991) तर भारतीय वंशाची मीना युगांडात जन्मलेली, 1972मध्ये इदी अमीननं आशियाई लोकांना हाकललं त्यात तिचं कुटुंब निघालं, भारत तिनं पाहिलेलाही नाही, तरी डिमीट्रिअस ह्या कृष्णवर्णीय मुलाशी तिचं जमल्यावर घरचे उखडतात ते ती 'आपली' म्हणूनच. ह्या 'आपली'साठी 'देसी' चपखल बसतो. 'अनिवासी भारतीय' हा बँकेच्या फॉर्मवरचा शब्द, त्यात प्रेमकथा काय लिहिणार.

तेव्हा माणसं आणि त्यांची ओळख असेल तर 'देसी', बाकी 'देशी'. रूपं आपलीच चालवा, देसींना, देसींचा, देसीपणा. आणि 'अमेरिकन बॉर्न कन्फ्युज्ड देसी'वालं एबीसीडी जपून वापरा, तिथे वाढलेल्या बऱ्याच जणांना ते टोमण्यासारखं लागतं.