वाळवीला कामाला लावणारे शेतकरी

प्रश्न : आफ्रिकेच्या विकासाविषयी वाचायला घेतले की मदतनिधी, कर्ज आणि परदेशी तज्ज्ञ एवढेच हाती लागते. तेथील लोकांनी स्वतः उभे केलेले आणि टिकलेले एखादे काम सांगाल का? आणि अशा कामामुळे त्या भागात शांतता नांदायला काही मदत होते का?
– एक शेतकरी वाचक, बीड जिल्हा

उत्तर : आपण शेतकरी आहात, म्हणून शेतातलेच उदाहरण देतो. पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशाच्या उत्तरेला यातेंगा हा प्रांत आहे. तेथे 1960च्या दशकात एका युरोपीय संस्थेने यंत्रे लावून मैलोगणती मातीचे बांध घातले. मात्र ज्यांच्या शेतातून ते गेले त्यांना कोणी विचारले नव्हते, त्यामुळे बांधांची निगा राखायलाही कोणी पुढे आले नाही. पुढे दुष्काळांची रांग लागली, जमिनीवर कडक पापुद्रा धरला आणि कुटुंबेच्या कुटुंबे गाव सोडून गेली.

याच काळात, 1980च्या सुमारास, गुर्गा गावच्या याकुबा सावादोगो यांनी ‘झाई’ ही जुनी पद्धत नव्याने हाती घेतली. झाई म्हणजे टणक जमिनीत खणलेले छोटे खड्डे. सावादोगो यांनी ते अधिक मोठे केले, म्हणजे साधारण 20 ते 30 सेंटिमीटर रुंद आणि 10 ते 20 सेंटिमीटर खोल, आणि पावसाची वाट न पाहता भर उन्हाळ्यात ते खणून त्यांत शेणखत व पालापाचोळा भरला. यातली खरी गंमत वाळवीची आहे. आपण जिला औषध मारतो ती वाळवी त्या खताच्या ओढीने खड्ड्यात येते आणि खालची जमीन पोखरून पाण्याला वाट करून देते. पहिल्या सरीचे पाणी वाहून न जाता तेथेच मुरते आणि खड्ड्यात टाकलेली ज्वारी किंवा बाजरी तग धरते. (ही दोन्ही पिके आपल्याकडे मुळात आफ्रिकेतूनच आली, हे जाता जाता सांगायला हवे.) शेणखतातून आलेल्या बियांची रोपेही खड्ड्यांत उगवली; सावादोगो यांनी ती उपटली नाहीत, आणि ओसाड माळावर काही दशकांत 20 हेक्टरांहून मोठे वन उभे राहिले. आरंभी लोकांनी त्यांना वेड्यात काढले, त्यांचे वन पेटवूनही दिले. पुढे मात्र ते भरवत असलेल्या मेळाव्यांना दूरदूरच्या गावांचे शेतकरी बियाणे आणि अनुभव घेऊन येऊ लागले. 2018 साली त्यांना ‘पर्यायी नोबेल’ म्हणून ओळखला जाणारा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. 2023 मध्ये त्यांचे निधन झाले.

बाहेरची मदत तेथे आलीच नाही, असे मात्र समजू नये. शेतातून वाहणारे पाणी अडवणाऱ्या दगडांच्या समपातळी रांगा आखण्यासाठी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी वापरण्याची सोपी युक्ती एका परदेशी संस्थेच्या प्रकल्पातून आली आणि ती लोकांनी आनंदाने उचलली. फरक इतकाच, की कोणाच्या शेतात काय करायचे हे या वेळी शेतकऱ्याने ठरवले. उणीवही सांगतो : हेक्टरी 10,000 किंवा त्याहूनही अधिक खड्डे खणायचे तर अंग मोडून काम करावे लागते, आणि ज्याच्या दावणीला जनावरे नाहीत त्याने शेणखत आणायचे कोठून?

आता शांततेविषयी. पडीक जमीन पिकू लागल्याने अनेकांना गाव सोडावे लागले नाही, हे खरे. पण त्यावरून झाईने संघर्ष थांबवला असे मी म्हणणार नाही. 2015 पासून बुर्किना फासोत सशस्त्र गटांचा हिंसाचार वाढत गेला आणि 2023 पर्यंत 20 लाखांहून अधिक लोक विस्थापित झाले. उत्तरेकडच्या भागाला त्याची मोठी झळ बसली. खड्डे खणायचे ते कोरड्या महिन्यांत, गावाबाहेरच्या उघड्या माळावर, दिवसचे दिवस. शेतापर्यंत जाण्याचीच भीती वाटू लागली की हे काम सर्वांत आधी बंद पडते.