क्रेब्स सायकल नको, पण कॅन्सर रिसर्च हवा?

तू लिहिलंस की बारावी पीसीबीला आहेस, नीट द्यायची नाहीये, डीएनए रिपेअर आणि कॅन्सरवर रिसर्च करायचाय, पण क्रेब्स सायकल (पेशी अन्नातून ऊर्जा काढते ती रासायनिक क्रियांची साखळी) पाठ करून वैताग आलाय, तर बायोकेमिस्ट्री टाळून थेट जेनेटिक्सला जाता येईल का. जाता येईल गं, डिग्रीही मिळेल, पण मी तरी तसं सांगणार नाही.

त्याच सायकलमधल्या फ्युमरेज या एन्झाइमचंच बघ ना. क्लासमध्ये एका ओळीत उरकतात, मायटोकॉन्ड्रियात फ्युमरेटचं मॅलेट करतं, संपलं. पण हेच एन्झाइम न्यूक्लियसमध्येपण असतं, आणि रेडिएशनने डीएनएचे दोन्ही धागे तुटले की डीएनए-पीके हे दुसरं एन्झाइम त्याच्यावर फॉस्फेट चिकटवतं, मग ते तुटलेल्या जागी हिस्टोनला (डीएनए ज्याच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रोटीनला) धरून बसतं आणि तिथल्या तिथे, उलट दिशेने, मॅलेटचं फ्युमरेट बनवतं. ते फ्युमरेट केडीएम२बी या आणखी एका एन्झाइमला अडवतं. केडीएम२बीचं काम हिस्टोनवरच्या मिथाइलच्या खुणा पुसायचं, ते अडलं की खुणा शाबूत राहतात आणि तुटलेली टोकं जोडणारी प्रोटीन्स तिथे जमतात. २०१५ मध्ये माणसाच्या पेशींत हे दाखवलं गेलं. पण अति तिथे माती, ज्यांच्यात या एन्झाइमच्या जीनची एक कॉपी जन्मतःच बिघडलेली असते त्यांच्या एखाद्या पेशीत दुसरीही गेली की फ्युमरेट नुसतं साठत जातं, आणि एवढं साठलेलं फ्युमरेट होमोलॉगस रिकॉम्बिनेशन ही दुसऱ्या प्रकारची दुरुस्तीच (शाबूत कॉपी बघून तुटलेला डीएनए जोडायची) बिघडवतं. अशा लोकांना किडनीच्या कॅन्सरचा धोका असतो. आता सांग, यात जेनेटिक्स कुठे संपलं आणि मेटाबॉलिझम कुठे सुरू झालं?

परीक्षांचं म्हणशील तर आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांच्या आयएटी या प्रवेश परीक्षेला पीसीबीवाले बसू शकतात, पण चारही विषयांचे १५-१५ प्रश्न असतात, म्हणजे गणित सोडलंस तर १५ प्रश्न गेलेच. नेस्ट या दुसऱ्या प्रवेश परीक्षेत चारपैकी चांगल्या तीन सेक्शनचे मार्क धरतात, त्यातून भुवनेश्वरची नायसर आणि आपल्या मुंबईतल्या कलिन्याची सीईबीएस या विज्ञान संस्थांत जाता येतं, तुझ्यासाठी हे जास्त सोयीचं. दोन्ही नाही जमलं तर केमिस्ट्री घेऊन साधी बीएस्सी कर आणि नंतर जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा दे. चकाचक ब्रोशरवाल्या बायोटेक कोर्सला फी भरण्याआधी तिथल्या पोरांना एवढंच विचार, पीसीआर (डीएनएच्या कॉपी काढायचा प्रयोग) स्वतःच्या हाताने करायला मिळतं का नुसतं सर करतात ते बघायचं.

बाबांना पैशांची काळजी आहे ना, त्यांना सांग, नेट परीक्षेतून जेआरएफ ही रिसर्च फेलोशिप मिळाली की पीएचडीत महिना ३७,००० रुपये मिळतात, पण पक्की नोकरी लागेपर्यंत तिशी येते हेही सांग, लपवू नकोस. आणि ओबीसी असाल तर सेंट्रल फॉरमॅटचा दाखला आत्ताच काढायला टाका, राज्याचा या केंद्राच्या संस्थांत चालत नाही.